भोंग्याचं औषध

मी बाईंना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या भोंगा वाजवत होत्या. तोंडानं. वॉर्डाच्या मधोमध उभ्या राहून, दोन्ही तळहातांचा कर्णा करून, डोळे मिटून त्या "भोंऽऽऽ" असा लांबलचक आवाज काढत होत्या. खाटांवरचे पेशंट, ज्यांच्याकडे पाहून मला दारातच रडू यायला लागलं होतं, ते चक्क हसत होते. रविवार होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि माझ्या नोकरीचा पहिला दिवस होता.

मला वाटलं, दुसऱ्या वॉर्डातली कुणी भ्रमिष्ट म्हातारी चुकून इकडे आलीय. नेसण घरचं, हिरवं लुगडं, कपाळ मोकळं, पायांत काही नाही. मी नर्सिंगच्या परीक्षेत पहिली आलेली, कडक इस्त्रीच्या साडीतली, नागपूरच्या धरमपेठेतली मुलगी. पुढे झाले, त्यांचा दंड धरला आणि शिकवल्याप्रमाणे गोड आवाजात म्हणाले, "चला आजी, आपल्या खाटेवर चला बरं."

आजींनी भोंगा पूर्ण केला. मग एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"माही खाट आजून ठरली नाही वं," त्या म्हणाल्या. "ठरली का तुलेच सांगीन. तू कोन?"

"मी नवी स्टाफ नर्स."

"मंग माहा हात काहून धरून राहिली? औषधाचा ट्रे धर. अकराचा भोंगा झाला."

या आमच्या वॉर्डाच्या इन्चार्ज सिस्टर. रविवारी त्यांची सुट्टी असे, म्हणून अंगावर घरचं लुगडं. सुट्टी असून त्या आल्या होत्या, कारण रविवारी जवळची कापडगिरणी बंद असते आणि गिरणी बंद म्हणजे भोंगा बंद. तेवढा भोंगा वाजवायला बाई घरून चालत येत. सकाळी सातला येत, अकराला येत, तीनला येत, संध्याकाळी सातला येत. रात्रीच्या दोन भोंग्यांना नाइटच्या सिस्टरनं वाटीवर चमचा वाजवायचा, अशी त्यांनी तिला कृपा करून सवलत दिली होती.

हे काय खूळ आहे, असं मी त्या दिवशी घरी जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, बदली मागून घे.

खूळ काय होतं ते आता सांगते. नागपूरची राजधानी मुंबईला गेली, त्याच्या आगेमागेची ही वर्षं. आमचं सरकारी इस्पितळ, आणि त्याच्या मागच्या अंगाला कॅन्सरच्या पुरुष पेशंटांचा वीस खाटांचा लांबोडका वॉर्ड. रिक्षावाले त्याला 'मागचा वॉर्ड' म्हणत आणि म्हणताना आवाज खाली करत. या रोगावर तेव्हा करण्यासारखं फार थोडं होतं, आणि जे होतं ते मुंबईत होतं. आमच्याकडे येणारा माणूस बहुधा उशिराच आलेला असे. त्याला द्यायला आमच्याकडे एकच खरी गोष्ट होती, मॉर्फियाचं कडू मिक्श्चर. ते कुलपात असे आणि केसपेपरवर त्याच्यापुढे डॉक्टर नेहमी दोन शब्द लिहीत: 'गरज पडल्यास'.

आता गरज पडली हे कळायचं कसं? पेशंट ओरडला की. जो मोठ्यानं ओरडे त्याला आधी मिळे, हळू कण्हणाऱ्याला नंतर, आणि दात आवळून पडून राहणाऱ्याला मिळतच नसे. साहजिकच पेशंट ओरडायला शिकले होते. बाई इन्चार्ज झाल्या तेव्हा म्हणे वॉर्डाचा आवाज फाटकापर्यंत जात होता. बाईंनी जुन्या डॉक्टरांना गाठलं आणि विचारलं, "ही गरज कोनाची हाय गा डॉक्टरसाहेब? त्याची का तुमची?"

डॉक्टरांना 'गा' म्हणणारी सिस्टर सबंध इस्पितळात हीच. बाई कुणालाही 'गा' म्हणत. झाडूवाल्याला, डॉक्टरला, मुंबईहून तपासणीला आलेल्या साहेबालाही.

बाई उमरेडच्या कोष्टी घरातल्या, मागाच्या खटखटाटात वाढलेल्या. त्यांचं सगळं शास्त्र मागावरून आलेलं होतं. त्यांनी जुन्या डॉक्टरांना समजावलं ते असं: "सुताले खळ कवा लावते? मागावर चढवाच्या आंधी. तुटल्यावर खळीची बादली घेऊन धावलं तं काय फायदा? तसंच हे औषध. दुखनं उठल्यावर द्याल तं दुप्पट लागते, अन् तवा बी पुरत नाही. उठाच्या आंधीच द्या, रोज, ठरल्या टायमाले. मंग पाहा." जुने डॉक्टर निवृत्तीला आले होते. त्यांनी वीसही केसपेपरांवरचे ते दोन शब्द खोडले आणि त्यांच्या जागी 'दर चार तासांनी' असं लिहिलं.

वॉर्डातलं घड्याळ मनाला येईल तेव्हा चाले. पण गिरणीचा भोंगा अर्ध्या नागपुराला ऐकू येई. सातला पाळी बदलायचा, अकराला जेवणाच्या सुट्टीचा, तीनला पुन्हा पाळीचा, असा बरोबर चार-चार तासांनी, दिवसरात्र सहा वेळा. बाईंनी औषध भोंग्याला बांधून टाकलं. भोंगा झाला की ट्रे निघालाच पाहिजे. मग डॉक्टरांचा राउंड असो, तपासणी असो की तुमच्या तोंडात घास असो.

"घड्याळ फकस्त तुले दिसते," त्या मला म्हणाल्या होत्या. मी हातावरचं घड्याळ मोठ्या ऐटीत दाखवलं होतं, वडिलांनी परीक्षेबद्दल दिलेलं. "भोंगा त्याले बी आयकू येते. त्याले मालूम असते का आता तीन वाजतेत अन् बाई येते. किती वेळ सोसाचं हे ज्याले मालूम हाय ना, त्याले सोसता येते. ज्याले मालूम नाही तो वरडते."

मला हे पटायला सहा महिने लागले. मी पहिली आलेली होते ना.

बाईंच्या दोन गोष्टींची इस्पितळभर चेष्टा चाले. पहिली म्हणजे 'पोट साफ?' मॉर्फियानं पेशंटचं पोट धरतं. त्याचं वेगळंच दुखणं होऊन बसतं. म्हणून बाई औषधाच्या प्रत्येक पेल्याबरोबर हा प्रश्न विचारत आणि उत्तर मनासारखं आलं नाही तर एरंडेलाची बाटली पुढे करत. विचारून विचारून जिभेला इतकी सवय झाली होती की समोर कोण आहे हेही त्या पाहत नसत. मुंबईचे ते तपासणीचे साहेब दारात आले तेव्हा बाईंच्या हातात ट्रे होता. "का गा, पोट साफ?" त्यांनी विचारलं. साहेब इतके गोंधळले की "हो, हो, सकाळीच," म्हणाले. तपासणी तिथंच संपली.

दुसरी गोष्ट म्हणजे कान धरणं. वॉर्डात कुणी पेशंट दुखण्यानं ओरडला की बाई हातातलं काम टाकून त्याच्या खाटेशी जात, स्वतःचे दोन्ही कान धरत आणि म्हणत, "चूक माही हाय गा बाप्पा. औषध कमी पडून राहिलं तुले." ड्यूटीवर जी नर्स असेल तिनंही कान धरायचे. पहिल्यांदा माझ्यावर पाळी आली तेव्हा मी नाही म्हटलं. असलं काही आम्हाला शिकवलं नव्हतं. माझ्या वाटणीचेही कान बाईंनीच धरले, म्हणजे पुन्हा एकदा धरले, आणि खाटेवरच्या माणसाला सांगितलं, "हे हिच्याकडून. हिले लाज वाट्टे." तो माणूस दुखण्यात होता तरी हसला. मी मात्र न्हाणीघरात जाऊन रडले. रागानं.

त्याच दिवशी चहा पिताना बाईंनी मला त्यांच्या नवऱ्याचं सांगितलं. लग्नाला सहा वर्षं झाली होती. पोटाचा हाच रोग. घरीच होता. शेवटचा महिनाभर तो इतका ओरडे की शेजारी खिडक्या लावून घेत. "तो गेला त्याचं दुःख झालं मले," बाई म्हणाल्या, "पन तो वरडत गेला ना वं, त्याचा राग आला. राग काही दुःखासारखा सरत नाही. मंग नर्सिंगमंधी आलो." त्या बोलताना कधी 'आली' म्हणत, कधी 'आलो', मी त्यांना सुधारायच्या बेतात होते, पण त्या दिवशी सुधारलं नाही. चहा संपवून त्यांनी मला घरून आणलेल्या पाटोडीचा रस्सा वाढला. तो इतका जहाल होता की मी पुन्हा रडले, आणि ते कशाचं रडणं हे कुणालाच कळलं नाही, त्यामुळे बरं झालं.

आता दोऱ्यांचं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं दोऱ्यानंच घडवलं.

वीसही खाटांच्या उशाच्या दांडीला बाईंनी हातभर पांढरं सूत बांधून ठेवलं होतं. पेशंटला सांगायचं, भोंग्याच्या आधी दुखलं तर याला एक गाठ मार. फार दुखलं तर दोन. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, कुणाला हाक मारायची नाही. रोज सकाळी बाई डोळे मिटून प्रत्येक दोऱ्यावरून चिमूट फिरवत. गाठी लागल्या की डॉक्टरांकडे जाऊन औषध वाढवून घेत; दोरा साफ लागला की त्यांचा दिवस सणासारखा जाई. त्यांच्या हिशेबी कापडात गाठ दिसणं ही विणकराची अब्रू गेल्यासारखी गोष्ट होती. तशी वॉर्डातली प्रत्येक गाठ ही आमची अब्रू गेल्याची खूण.

जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि नवे आले. तरुण, हुशार, मनानं सरळ. फक्त त्यांच्या खिशात तंबाखूची चांदीची डबी होती. पहिल्याच राउंडला ती त्यांनी टेबलावर ठेवली आणि बाईंनी उचलली. "या वॉर्डात हे चालत नाही गा. काहून चालत नाही ते या चार नंबरच्या भाऊले विचारा. त्याले आता जबडाच नाही, पन तो लिहून सांगीन." डबी बाईंच्या पत्र्याच्या डब्यात गेली. तिथं नातेवाइकांकडून जप्त केलेल्या तीस-चाळीस डब्या आधीच होत्या.

डॉक्टरांनी डबी जाऊ दिली. मॉर्फियाबद्दल मात्र बोलले. इतकं मॉर्फिया एका वॉर्डाला लागतं हे पाहून ते घाबरलेच होते. "सिस्टर, या औषधाची सवय लागते."

"लागू द्या ना गा," बाई म्हणाल्या. "सवय मोडाले याहीले कवा फुरसत भेटनार हाय?"

"आणि हे सगळे शांत पडलेत. दुखत नाही त्यांना औषध कशाला?"

"छत्रीखाली डोकं कोरडं राह्यलं, तं छत्री बंद कराची का?"

पण डॉक्टर पुस्तक वाचून आलेले होते, जशी मी आले होते. त्यांनी बाईंचाच दोरा बाईंवर उलटवला. ज्याच्या दोऱ्याला आठ दिवसांत एकही गाठ नाही, त्याचं ठरल्या वेळेचं औषध बंद. त्यानं मागितलं तर द्यायचं. त्यांनी स्वतः दोरे तपासले. अकरा नंबरचा दोरा अगदी साफ होता. अकरा नंबरच्या केसपेपरवर त्यांनी पुन्हा ते दोन शब्द लिहिले.

अकरा नंबरला दशरथबाबा होते. उमरेडचे, सत्तरीचे, साठ वर्षं माग चालवलेले. रोग पाठीच्या हाडांत उतरलेला. दर गुरुवारी त्यांची बायको छोट्या लाइनच्या गाडीनं येई आणि खाटेशी बसून दोघं दिवसभर भांडत. बाबा इस्पितळात आले तेव्हा त्यांना नीट बोलताही येत नव्हतं. भोंग्याचं औषध सुरू झाल्यापासून ते इतके बोलू लागले होते की म्हातारी आमच्याकडे तक्रार करी, "लयच बोलून राहिला वं हा. पयले बरा होता." आणि जाताना बाईंच्या हातात घरच्या लाखोळीच्या डाळीची पुडी कोंबून जाई. ते गुरुवारचं भांडण बाबांचं सगळं ऐश्वर्य होतं. सोमवारी डॉक्टरांनी औषध बंद केलं, आणि बाईंनी बोटांवर मोजलं: मंगळवार, बुधवार, गुरुवार.

"ते मागतील की," मी म्हणाले.

"तो कोष्टी हाय," बाई म्हणाल्या. "मले आता समजलं, त्याचा दोरा साफ काहून राहते. तो सुताले गाठ मारनारच नाही वं. साठ वर्षं नाही मारली त्यानं. हा दोरा माह्याच जातीच्या मानसाले नाही चालला, अन् मले दिसलं बी नाही!" असं म्हणून त्यांनी कान धरले. तिथं फक्त मी होते.

मंगळवारी सकाळी सातचा भोंगा झाला. ट्रे अकरा नंबरपाशी थांबला. "दुखते का गा?" बाईंनी विचारलं.

"नाही बाई."

"बाबा, म्हणा ना हो दुखतं म्हणून!" मी न राहवून म्हणाले. "नुसतं म्हणा, मी लगेच देते."

"पोरी," बाबा म्हणाले, "मागून घेनं मले जमत नाही." आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही. चादरीखाली त्यांच्या पायांची बोटं वळलेली होती.

अकराचा भोंगा झाला. पुन्हा "नाही बाई." तेवढ्यात डॉक्टर राउंडला आले. बाबांना विचारलं, "काय बाबा, कसं आहे?" बाबा म्हणाले, "बेस." डॉक्टरांनी आमच्याकडे पाहिलं, म्हणजे, पाहा, मी म्हटलं नव्हतं?

बाईंनी कंबरेच्या पिशवीतून सुताची कांडी काढली. सकाळी घरूनच आणली होती. म्हणजे रात्री त्या विचार करत बसल्या असणार. वीतभर सूत काढून त्यांनी ते बाबांच्या डोळ्यांदेखत तोडलं आणि दोन्ही टोकं त्यांच्या हातात दिली. "दशरथबाबा, जरा सांधून देता का गा? माह्यानं आता जमत नाही."

डॉक्टरांना काही कळेना. मलाही. पण बाबांना कळलं. तुटलेलं सूत गाठ न मारता, दोन टोकांना ओली चिमूट लावून नुसता पीळ देऊन सांधायचं, हे मागावरचं अगदी पहिलं काम. साठ वर्षांत त्यांनी ते किती लाख वेळा केलं असेल कुणास ठाऊक. डोळे मिटून करत असतील, भांडता भांडता करत असतील. त्यांनी टोकं जवळ आणली. बोटं थरथरली. टोकं एकमेकांना लागेनात. त्यांनी पुन्हा आणली. सूत खाली पडलं. मी उचलून दिलं. तिसऱ्यांदा त्यांनी प्रयत्न केला नाही. सूत मुठीत धरून ते बाईंकडे पाहत राहिले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गालांवर आलं. तोंडातून आवाज नाही.

बाई डॉक्टरांकडे वळल्या. मला वाटलं आता त्या आग ओकतील. पण त्या अगदी हळू म्हणाल्या, "आता लिहा गा साहेब."

डॉक्टरांनी लिहिलं. मिक्श्चर मी दिलं, आणि डॉक्टर पुढच्या खाटेकडे न जाता तिथंच स्टूल ओढून बसले. बसले ते तासभर. बाबांच्या पायांची बोटं हळूहळू सुटली. कपाळ सैल पडलं. मग त्यांनी आपणहून मूठ उघडली, सुताची टोकं चाटली, आणि काय केलं ते मला दिसलंच नाही, इतक्या झटक्यात झालं. त्यांनी सूत डॉक्टरांपुढे धरलं. "धुंडा."

डॉक्टरांनी चष्मा वर करून पाहिलं. चिमटीतून फिरवलं. खिडकीपाशी नेऊन पाहिलं. मीही पाहिलं. सांधा सापडला नाही.

"कुठं आहे हो?" डॉक्टरांनी विचारलं.

"सापडला असता तं मले भाकर भेटली असती का?" बाबा म्हणाले.

डॉक्टर अकरा नंबरच्या खाटेशी परत आले. स्वतःच्या पेनानं त्यांनी ते दोन शब्द खोडले, इतक्या जोरात की केसपेपर फाटला. मग इकडेतिकडे पाहिलं, थोडे लाजले, आणि दोन्ही कान धरले. वीस खाटांचा तो वॉर्ड, ज्यांना उठून बसता येत होतं ते आणि ज्यांना येत नव्हतं तेही, असा हसला की फाटकावरचा पहारेकरी धावत आला. तंबाखूची डबी डॉक्टरांनी परत मागितली नाही. गुरुवारी म्हातारी आली आणि दोघं लाखोळीच्या डाळीत लसूण किती घालायचा यावर संध्याकाळपर्यंत भांडली.

इथं थांबले तर फार छान होईल, कारण यापुढची चूक माझी आहे. पण बाईंचं चित्र तिच्यावाचून पुरं होत नाही.

दोनेक महिन्यांनी बाई भाचीच्या लग्नाला उमरेडला गेल्या. वॉर्ड माझ्या हाती. तोवर मी इतकी भोंग्याची झाले होते की हातावरच्या घड्याळाला किल्ली द्यायचंही विसरत असे. त्या दिवशी सातचा भोंगा झाला, अकराचा झाला. दुपारी मी कपाट आवरत बसले, तीनच्या भोंग्याची वाट पाहत. वाट पाहत, पाहत, आणि मला कुणीतरी कण्हल्याचा आवाज आला. मग दुसरा. मग सात नंबरवाला ओरडला. मी आल्यापासून त्याचा आवाज मी ऐकला नव्हता. मी धावत बाहेर आले, आणि समोरच्या भिंतीवर ऊन कुठवर चढलंय ते पाहिलं. साडेचार होऊन गेले होते. गिरणीत दुपारी कसला तरी तंटा होऊन काम बंद पडलं होतं. भोंगा वाजलाच नव्हता, आणि हातावर घड्याळ बांधलेली ही शहाणी त्याची वाट पाहत बसली होती.

मी ट्रे घेऊन धावले. अकरा नंबरपाशी आले तेव्हा दशरथबाबांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी पेला त्यांच्या तोंडाला लावला. ते प्याले, श्वास घेतला, आणि उशाशी हात नेऊन त्यांनी दोरा माझ्यापुढे धरला.

दोऱ्याला एक गाठ होती.

"भोंगा नाही वाजला," बाबा म्हणाले, "तं तुह्याच्यानं वाजवता नव्हता येत का वं पोरी?"

मी दोन्ही कान धरले. लाज कसली वाटतेय! धरले आणि रडले, सगळ्यांसमोर, न्हाणीघरात न जाता. आणि मग उरलेल्या खाटांना कळावं की औषध येतंय, कुणी तरी येतंय, म्हणून मी वॉर्डाच्या मधोमध उभी राहिले, तळहातांचा कर्णा केला आणि ओरडले, "भोंऽऽऽ!" रडत असल्यामुळे तो मधेच फाटला. सात नंबरवाला दुखण्यातच हसायला लागला. "बाईसारखा नाही जमला," तो म्हणाला, "पन चालते."

बाई परतल्या तेव्हा मी सगळं सांगितलं. आता बदली होणार असं धरून चालले होते. बाईंनी ऐकून घेतलं, अकरा नंबरपाशी गेल्या, डोळे मिटले आणि दोऱ्यावरून चिमूट फिरवली. गाठीपाशी बोटं थांबली. बाबा डोळे किलकिले करून पाहत होते. मग बाई माझ्याकडे वळल्या, आणि काय सांगू, त्यांचा चेहरा खुलला होता.

"रडून काहून राहिली?" त्या म्हणाल्या. "कोष्ट्यानं सुताले गाठ मारली वं! अन् तुले दाखोली. बायकोले बी नसती दाखोली त्यानं."

दशरथबाबा आणखी पाच गुरुवार भांडले. सहाव्या आठवड्यात, बुधवारी, तीनच्या भोंग्यानंतर डोळा लागला तो लागलाच. म्हातारी दुसऱ्या दिवशी आली आणि पहिला प्रश्न तिनं विचारला तो हाच, "वरडला का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

म्हातारीनं मान हलवली, आणि लाखोळीच्या डाळीची पुडी बाईंच्या हातात ठेवली, नेहमीसारखी.

ती गेल्यावर बाईंनी अकरा नंबरचा दोरा सोडला. बाकीचे दोरे त्या धुऊन पुन्हा वापरत. हा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ मिटवली. मी चाचपून पाहिलं. हातभर सूत, आणि माझी ती एकच गाठ.

"ठेव तुह्याजवळ," बाई म्हणाल्या. "आता ट्रे घे. सातचा भोंगा होऊन राहिला."